‘तुम्ही बसा की!’ म्हणण्यापूर्वी

॥ श्री गुरवे नमः ॥



आपल्या कॅम्प गटाची वृद्धाश्रमातली सेवा महिन्यातून एकदा असते. फळं, बिस्किटं, थंडीत शाली, तासभर नामस्मरण आणि भजन, शेवटी आरती-प्रसाद. हा नेम चांगला आहे आणि तो चालूच राहावा. पण त्या निमित्तानं एक प्रश्न मनात घर करून बसलाय, तो सर्वांपुढं ठेवावा म्हणून हे लिहिणं. आश्रमात राहणाऱ्या माणसांसाठी काय काय केलं जातं, ते आपण आवर्जून विचारतो. जेवण कसं असतं, डॉक्टर येतात का, रात्री कोण असतं. पण त्यांच्या हातून दिवसभरात काय होतं, हे आपण विचारतो का?

कुठल्याही बऱ्या आश्रमाचा दिवस डोळ्यापुढं आणा. सकाळी सहाला चहा, मग आंघोळी, आठला नाष्टा, साडेबाराला जेवण, चारला चहा, साडेसातला रात्रीचं जेवण. मधे गोळ्या-औषधं. सगळं वेळेवर, स्वच्छ, काही कमी नाही. आता यातून खाण्यापिण्याचा, आंघोळीचा, झोपेचा वेळ वजा करा. तरी सात-आठ तास उरतातच. ते कॉटवर, खुर्चीत, टीव्हीसमोर नाहीतर फाटकाकडे बघत जातात. फाटकाकडे बघणारा प्रत्येक जण मुलाची वाटच बघत असतो असं नाही. बघायला दुसरं काही नसलं तरी माणूस फाटकाकडे बघतो.

हे दुष्टपणानं होत नाही, हे आधी सांगायला पाहिजे. हे प्रेमानं होतं. आपल्या भागात एक वाक्य घरोघरी ऐकायला मिळतं, "तुम्ही बसा की ओ, आम्ही करतोय की सगळं!" यात माया आहे, आदर आहे. सुनेनं सासूला असं म्हटलं तर चार लोक कौतुक करतात. पण एखाद्या माणसाला हे वाक्य सकाळपासून रात्रीपर्यंत, प्रत्येक कामाला, वर्षानुवर्षं ऐकायला लागलं, तर त्याचा अर्थ हळूहळू बदलतो. ऐकणाऱ्याला ते असं ऐकू यायला लागतं की आता तुमची गरज नाही.

मग प्रश्न असा. आयुष्यभर राबलेल्या माणसाच्या हातातलं काम काढून घेणं ही दया, की त्याचं काहीतरी हिरावून घेणं?

पहिलं उत्तर आपल्यापैकी बरेच जण देतील ते असं, की म्हातारपण हे नाम घेण्यासाठी आहे, कामं करून झाली, आता देवाचं करावं. हे खरंच आहे. पण नाम आणि काम यांचं भांडण आपल्या संतांनी कधी मानलं नाही. जनाबाईचं नाम जात्यावर चाललं. गोरोबांचं चिखल तुडवताना आणि सावता माळ्यांचं मळ्यात. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात भगवंत अर्जुनाला समजावतात की कर्म केल्याशिवाय कुणी क्षणभरही राहू शकत नाही. तिथं साठ वर्षांनंतर सूट दिलेली नाही. हात रिकामे ठेवून मन नामात राहील, ही अवस्था फार मोठ्या साधकाची. आपल्यासारख्यांचे हात रिकामे झाले की मन आधी जुन्या दुःखांकडे धावतं.

दुसरं उत्तर जास्त अवघड आहे. कुणी म्हणेल, माणसाची किंमत कामावर ठरवायची का? मग जो अंथरुणाला खिळलाय, ज्याला आपलं नावही आठवत नाही, त्याची किंमत शून्य का? तसं मुळीच नाही. प्रत्येकाच्या ठिकाणी तोच ईश्वर आहे, असं आपण मानतो. ती किंमत कामानं वाढत नाही आणि काम थांबल्यानं कमी होत नाही. मग काम कशासाठी? तर मिंधेपणा जावा म्हणून. जो फक्त घेतच राहतो, त्याला आतून ओशाळल्यासारखं होतं. तो आपल्याला हात जोडतो, डोळ्यात पाणी आणतो, "तुमचे उपकार कसे फेडू" म्हणतो. आपल्याला वाटतं, सेवा पोचली. पण उपकाराखाली दबलेला माणूस सुखी असतोच असं नाही.

सुदाम्याची गोष्ट आपण मुलांना सांगतो. द्वारकेच्या राजाला मूठभर पोह्यांची काय गरज होती? सुदामा तर पुरचुंडी लाजून लपवत होता. पण भगवंतांनी ती ओढून घेतली आणि आवडीनं खाल्ली. मित्राला अमाप द्यायचं होतं, पण आधी त्याच्याकडून घेतलं. सद्गुरूही आपलं एक फूल, एक नारळ स्वीकारतात. त्यांना त्याची गरज असते म्हणून नव्हे, तर देण्याचा आनंद आपल्याला मिळावा म्हणून. मग आपण सेवेला जातो तेव्हा फक्त द्यायलाच का जातो? ज्यांची सेवा करतो त्यांच्याकडून काही घ्यायचं, हा सेवेचा भाग का नसावा? सगळ्या लिहिण्याचा मुद्दा खरं तर एवढाच आहे.

ज्यांनी हे करून दाखवलं ते उदाहरण महाराष्ट्रातच आहे. बाबा आमटे आणि साधनाताईंनी वरोऱ्याजवळ आनंदवन सुरू केलं. १९४९ साली महारोगी सेवा समिती स्थापन झाली, १९५१ साली प्रत्यक्ष काम सुरू झालं, तेव्हा हाताशी होते सहा कुष्ठरुग्ण, एक लंगडी गाय आणि चौदा रुपये. त्या काळी कुष्ठरोग्याला लोक भाकरी लांबून टाकायचे. बाबांनी त्यांच्या हातात भाकरी नाही, कुदळ दिली. झडलेल्या बोटांच्या माणसांनी खडकाळ रानात विहीर खणली, भाजीपाला पिकवला. सुरुवातीला ती भाजी वरोऱ्यात कुणी घ्यायला तयार नव्हतं. १९५४ साली परदेशी स्वयंसेवकांचं पथक आलं, त्यांनी या लोकांच्या बरोबरीनं काम केलं, तिथंच जेवले-राहिले, तेव्हा गावाची भीती कमी होत गेली. पुढं आनंदवनानं वरोऱ्यात महाविद्यालय उभारलं. ज्यांना गावानं हाकललं, त्यांनी गावच्या मुलांना कॉलेज दिलं. दानावर जगण्यानं माणूस खचतो आणि कामानं उभा राहतो, हा बाबांचा आग्रह शेवटपर्यंत होता. कुष्ठरोग्यांची वस्ती आणि वृद्धाश्रम एक नाहीत, हे कळतं. म्हाताऱ्या माणसाच्या हातात कुदळ द्यायची नाही. पण ‘यांच्याकडून काय होणार’ ही आपली नजर मात्र दोन्हीकडे एकच असते.

आपल्या देशात २०११ च्या जनगणनेत साठ वर्षांवरची माणसं दहा कोटींच्या वर होती. २००७ साली आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या पालनपोषणाचा कायदा झाला. निराधार वृद्धांसाठी प्रत्येक जिल्ह्यात निदान एक, १५० जणांची सोय होईल असा वृद्धाश्रम असावा, अशी त्यात तरतूद आहे. तिथं वैद्यकीय सेवा आणि मनोरंजनाची साधनं असावीत, असंही कायदा म्हणतो. चांगलंच आहे. पण ‘मनोरंजन’ हा शब्द नीट बघा. मनोरंजनात दुसरा करतो आणि आपण बघतो. कायद्यानं फारतर टीव्ही देता येईल. "आज्जी, एवढी मेथी निवडून देता का?" हे कायद्यात कसं लिहिणार? ते माणसानंच माणसाला विचारावं लागतं.

मेथीवरून आठवलं. एका आश्रमात महाप्रसादाची तयारी चालली होती. अंगणात मेथीच्या जुड्या पसरलेल्या. एक आज्जी भिंतीला धरत आल्या आणि एक जुडी पुढ्यात ओढली. तिथली मुलगी मायेनंच म्हणाली, "आज्जी, तुम्ही बसा की ओ." आज्जी म्हणाल्या, "बसूनच हाय की गं बाई चार वर्सं. दे हिकडं, मी निवडतो." एक जुडी निवडायला त्यांना पाऊण तास लागला. बाकीच्या सगळ्या जुड्या तेवढ्यात संपल्या होत्या. पण पंगत बसल्यावर त्या प्रत्येकाला सांगत होत्या, "भाजी खावा पोटभर, आमीच निवडलीय." त्या दिवशी त्या जेवायला बसलेल्या नव्हत्या, वाढणाऱ्यांत होत्या.

परदेशातही यावर अभ्यास झालाय. एलेन लँगर आणि ज्युडिथ रोडिन या दोघी मानसशास्त्रज्ञांनी १९७६ साली अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यातल्या एका वृद्धनिवासातला प्रयोग प्रसिद्ध केला. एका मजल्यावरच्या लोकांना सांगितलं, तुमची खोली कशी लावायची, वेळ कसा घालवायचा, सिनेमा कुठल्या दिवशी बघायचा, हे तुम्ही ठरवा. प्रत्येकाला एक रोपटं दिलं, तुम्हीच सांभाळा म्हणून. दुसऱ्या मजल्यावर सांगितलं, तुमची काळजी आमच्यावर. रोपटं तिथंही दिलं, पण पाणी कर्मचारी घालायचे. ज्यांच्यावर जबाबदारी होती ते जास्त तरतरीत, जास्त आनंदी दिसले. दीड वर्षानं पाहिलं तेव्हा त्यांच्यातले कमी लोक दगावले होते. ४७ मधले ७, आणि दुसरीकडे ४४ मधले १३. माणसं थोडीच होती, आकडेमोडीबद्दल पुढं दुरुस्तीही द्यावी लागली, म्हणून ‘रोपटं दिलं की आयुष्य वाढतं’ असं कुणी फॉरवर्ड करू नये. पण दोन मजल्यांवर रोपटं तेच होतं, फरक फक्त पाणी कोण घालतं याचा होता, एवढं लक्षात ठेवण्यासारखं आहे.

आता अडचणींचं बोलू, कारण कर्मचाऱ्यांच्या जागी उभं राहिल्याशिवाय उपदेश करणं सोपं असतं.

पहिली अडचण वेळेची. लसूण सोलायला तरुण बाईला दहा मिनिटं, आजोबांना दीड तास. तीस जणांचा स्वयंपाक वेळेवर व्हायचा असतो. म्हणून ‘राहू दे, मीच करते’ होतं. दुसरी पडण्या-झडण्याची. विळीवर हात कापला, ओल्या फरशीवर पाय घसरला तर नातेवाईक पहिला फोन आश्रमालाच करतात. या दोन्ही खऱ्या आहेत. इथंच सेवेकऱ्यांची जागा आहे, असं वाटतं. आपण महिन्याला दोन तास देतो. त्या दोन तासांत आपण भराभर सगळं करून दाखवायचं, की त्यांच्या शेजारी बसून त्यांच्या गतीनं होऊ द्यायचं? विळीऐवजी निवडणं द्यावं, उभ्याऐवजी बसून करायचं द्यावं. वाती वळणं, फुलांचे हार, शेंगा सोलणं, धुतलेल्या टॉवेलांच्या घड्या, तुळशीला पाणी, डोळ्यांनी कमी दिसणाऱ्याला ‘तरुण भारत’ वाचून दाखवणं, ही कामं कुणालाही इजा करत नाहीत. फक्त थांबायची तयारी लागते. आपल्याजवळ फळांच्या पेट्या आहेत, थांबणं कमी पडतं.

तिसरी अडचण विसराळूपणाच्या आजाराची. एखाद्या आजींना टॉवेलच्या घड्या घालायला आवडतं, म्हणून कर्मचारी घातलेल्या घड्या आत नेऊन मोडतात आणि परत आणून देतात. हे फसवणं झालं का? विचार केला तर असं वाटतं, ज्यांचं सुख हातांच्या हालचालीतच आहे, त्यांच्यासाठी ती फसवणूक नाही. लहान मुलाला आपण पोळपाटावर पिठाचा गोळा देतोच की. पण ज्यांची बुद्धी शाबूत आहे त्यांना खोटं काम देणं म्हणजे अपमान. निवृत्त हेडमास्तरांना रंग भरायची पुस्तकं देऊ नयेत. त्यांना कामवाल्या मावशीच्या मुलीचं गणित तपासायला द्यावं. काम छोटं चालेल, पण त्याची कुणाला तरी खरी गरज पाहिजे.

चौथी गोष्ट याच्या उलट टोकाची. काम द्यायचं म्हणून राबवून घ्यायचं नाही. नोकर कमी करता यावा म्हणून म्हाताऱ्यांकडून भांडी घासून घेणं याला सहभाग म्हणत नाहीत. फरक ओळखायचा कसा? आपल्यापुरते तीन प्रश्न पुरेत. त्यांना विचारून दिलं का? नको वाटलं तर मधेच सोडता येतं का? झालेल्या कामाचं श्रेय त्यांच्या नावावर जातं का? तिन्हीला ‘होय’ असेल तर ते काम त्यांचं. नाहीतर ते आपलंच काम, त्यांच्या हातून करून घेतलेलं.

यातला ‘विचारून’ हा शब्द आपल्या भजनालाही लावला पाहिजे. आपण टाळ-पेटी घेऊन हॉलमध्ये बसतो आणि सगळ्यांना आणून बसवलं जातं. बेळगावातल्या आश्रमात मराठी बोलणारे असतात, कन्नड बोलणारे असतात, वेगळ्या पंथाचे, वेगळ्या धर्माचेही असतात. कुणाचे गुडघे दुखत असतात, कुणाला त्या दिवशी कुणाशी बोलावंसंच वाटत नसतं. जो आला नाही त्याला हाताला धरून आणण्यानं आपली सेवा वाढत नाही. ‘नको’ म्हणता येणं हाही सहभागच आहे, किंबहुना त्याशिवाय ‘हो’ला अर्थ नाही. आणि जे येतात त्यांनी फक्त ऐकायचं का? एखाद्या अज्जींना लहानपणीचं कन्नड देवरनाम येत असतं. एखाद्या आजोबांनी तरुणपणी गणपतीच्या आरासीपुढं तबला वाजवलेला असतो. त्यांना म्हणू द्यावं, वाजवू द्यावं, ताल चुकला तर चुकू द्यावा, आणि आपण खाली बसून ऐकावं. तासाभराचं भजन अर्ध्या तासावर आलं तरी महाराज रागावणार नाहीत, याची खात्री आहे.

जे उठूच शकत नाहीत, त्यांचं काय? त्यांनाही देता येतं. आज कुठली साडी, खिडकी उघडी की बंद, चहा आधी की आंघोळ आधी, हे ठरवणं हे त्यांचं काम राहू द्यावं. आणि त्यांना विचारावं. मांड्याच्या पुरणाला किती शिजवायचं, कुंदा चिकट कशानं होतो, पहिल्या बाळंतपणात कोण होतं. सल्ला विचारणं म्हणजे वेळ घालवणं नव्हे. ज्याच्याजवळ देण्यासारखं फक्त आयुष्य उरलंय, त्याच्याकडून ते घेणं आहे. जाताना आपण पाया पडतो आणि ते डोक्यावर हात ठेवतात, तेव्हासुद्धा देणारे तेच असतात. तेवढं तरी घाईत उरकू नये.

बेळगावकरांना शांताई वृद्धाश्रमाचं नाव सांगायला नको. माजी महापौर विजय मोरे यांच्या पुढाकारानं बामणवाडीला चालणारा हा आश्रम आणि त्याच नावानं चालणारा ‘शांताई विद्या आधार’ उपक्रम. लोकांच्या घरची रद्दी गोळा करायची, विकायची आणि त्यातून गरजू मुलांच्या शिक्षणाला मदत करायची. यातली एक गोष्ट फार आवडते. जे नाव आधार घेणाऱ्यांचं म्हणून ओळखलं जातं, तेच नाव आधार देणाऱ्यांचंही झालं. लोक ज्याला रद्दी म्हणून बाजूला टाकतात, त्यात मुलाची फी दडलेली असते, हे तर आपल्या विषयाचंच सार आहे.

शेवटी घराकडे येऊ. कारण हा मेसेज कुटुंबाच्या ग्रुपवर जाणार आणि वाचणाऱ्यांतल्या बहुतेकांचे आई-वडील आश्रमात नाहीत, घरीच आहेत. घरातही वृद्धाश्रम होतो. त्याला पाटी नसते. मागची खोली, स्वतंत्र टीव्ही, वेळेवर ताट, आणि "तुम्ही बसा". जिनं चाळीस वर्षं घरचं तिखट-मीठ ठरवलं, तिला आज भाजी काय करायची हे कुणी विचारत नाही. ज्यांनी पै-पै करून घर बांधलं, त्यांना लाईट बिल किती आलं हे कळत नाही. "कशाला त्यांच्या डोक्याला ताप?" असं म्हणतो आपण. पण ताप नको म्हणून सगळं काढून घेतलं तर डोक्याला करायला काय उरतं?

सासू-सुनेत स्वयंपाकघर कुणाचं, हा प्रश्न सोपा नाही, हे बायकांना सांगायला नको. म्हाताऱ्या माणसाला काम देणं म्हणजे परत सगळा कारभार त्यांच्या हाती देणं नव्हे. सुनेलाही तिचं घर पाहिजेच. पण एक कोपरा, एक जबाबदारी, जी पूर्ण त्यांची. देवपूजेची तयारी म्हणा, लोणच्याची बरणी म्हणा, नातवाला शाळेच्या रिक्षापर्यंत सोडणं म्हणा, दूधवाल्याचा हिशोब म्हणा. आणि एकदा त्यांची म्हटली की मागून जाऊन दुरुस्त करायची नाही. फूल वाकडं वाहिलं तरी देवाला पोचतं.

पुढच्या महिन्याच्या सेवेसाठी गटात एवढं ठरवता येईल का, याचा विचार व्हावा. जाण्याआधी आश्रमात फोन करून विचारायचं, की या वेळी तुमच्याकडून आम्हाला काय मिळेल? आपल्या उत्सवाला वाती लागतात, हार लागतात. कापूस आणि फुलं आपण न्यायची, ज्यांना हवं त्यांनी वळायचं, ओवायचं, आणि उत्सवात सांगायचं की या वाती कुणी वळल्या. फोटो काढायचाच असेल तर आधी विचारायचं, आणि फळं देतानाचा नको, त्यांनी आपल्या हातात वाती ठेवतानाचा काढायचा.

सेवेत आपला हात वर आणि समोरच्याचा खाली असतो. अधूनमधून तो उलटा व्हावा, एवढीच सद्गुरुचरणी प्रार्थना.

काही चुकीचं वाटलं तर रविवारच्या सत्संगात जरूर बोला. वयस्कर मंडळींनी आधी बोलावं, ही विनंती.

॥ श्री सद्गुरुचरणार्पणमस्तु ॥

— एक सेविका, कॅम्प, बेळगाव